सुनंदाला न दिलेली चिठ्ठी

मी गाव सोडलं त्या दिवशी एसटी स्टँडवर वीस-पंचवीस माणसं जमली होती. शाल झाली, नारळ झाला. आमच्या समितीचे अध्यक्ष देसाई वकील फलाटावरच भाषण करून गेले : "सर चाललेत, पण तालुक्यातल्या कितीतरी मुली आज सरांमुळे शाळेत जातायत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडून उभा राहिलो. बायको गेल्यावर मुलीनं बोलावलं म्हणून सिंगापूरला चाललोय, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. ते अर्धंच खरं होतं. भाजीला जाताना एका घरावरून जावं लागे, ते मला होईनासं झालं होतं.

आता इथं बुकित पंजांगमध्ये मुलीच्या, मंजिरीच्या, फ्लॅटमध्ये अकराव्या मजल्यावर राहतो. सकाळी हॉकर सेंटरला, म्हणजे खालच्या खाऊच्या टपऱ्यांवर, कोपी (इथली कॉफी), मग ब्लॉकभोवती दोन फेऱ्या. नात इरा एलआरटीच्या, इथल्या छोट्या लोकल गाडीच्या, दारातून इथल्या इंग्रजीत ओरडते, "आजोबा, फास्ट लाह!" तिकडे हायस्कूलमध्ये तीस वर्षं शिकवलं, सगळा तालुका 'सर' म्हणे. इथं मी फक्त अंकल. सुरुवातीला ते लागलं. नंतर बरं वाटू लागलं.

ज्यांना आमचं काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सोनोग्राफी करून मुलगी असल्याचं कळलं की गर्भ पाडायचा, हे आमच्या भागात सर्रास चाले. त्याविरुद्ध आम्ही उभे राहिलो. गरोदर कार्यकर्तीला गिऱ्हाईक म्हणून पाठवून डॉक्टर पकडून दिले, मंत्रालयात निवेदनं दिली, राज्याच्या समितीवर मी गेलो. ते काम गरजेचं होतं, हे आजही म्हणतो. पण लिंगनिदान हा गुन्हा आणि गर्भपात कायदेशीर, हा फरक मला पक्का माहीत असून मी तो भिंतीवर लिहिला नाही. 'गर्भपात म्हणजे खून' हे चार गावांच्या भिंतींवर माझ्याच अक्षरात होतं. घोषणा लांबली की लोक वाचत नाहीत, असं मी म्हणायचो.

याचा परिणाम असा झाला की डॉक्टर घाबरले. गावातल्या डॉक्टरीणबाई दोन मुलींच्या आईला सरळ सांगू लागल्या, "आधी सरांची चिठ्ठी आणा." म्हणजे मी लिहून द्यायचं की ही बाई मुलगी म्हणून पाडत नाही. कायद्यात असली चिठ्ठी कुठंच नव्हती. तरी मी ती देत होतो, नाकारतही होतो. माझ्या शब्दाला वजन आलं होतं, आणि ते मला आवडत होतं.

सुनंदा माझी विद्यार्थिनी. नवरा एसटीत कंडक्टर, दोन मुली. एका दुपारी ती आली. दोन महिने झालेत, तिसरं मूल झेपणार नाही, धाकटीच्या वेळचं दुखणं अजून गेलेलं नाही, चिठ्ठी द्या, असं म्हणाली.

"तपासणी कुठं केलीस?" मी विचारलं.

"कुठंच नाही सर. एवढ्यात कळतं तरी का?"

"मुलगा असता तर झेपला असता ना?"

चिठ्ठी मी दिली नाही. ती चहा तसाच ठेवून गेली. पुढच्या आठवड्यात तिनं कुणाकडून तरी गोळ्या आणून घेतल्या. रक्तस्राव थांबेना. जीव वाचला, गर्भाशय काढावं लागलं. समितीनं चौकशी केली तेव्हा मी लिहून दिलं की ती माझ्याकडे आलीच नव्हती, आणि लिंगनिदान करून आल्याचं ऐकिवात आहे. ऐकिवात काहीच नव्हतं. मी ते रचलं. पुढं राज्यभर भाषणांत तिचं उदाहरण देत राहिलो. नाव न घेता.

यंदा महिला दिनाला सेरंगूनमध्ये इथल्या मराठी मंडळींनी माझं भाषण ठेवलं. मी तेच भाषण केलं, तेच उदाहरण दिलं. लोक हळहळले. परतताना एमआरटीत, इथल्या मेट्रोत, मंजिरी समोर बघत म्हणाली, "बाबा, सुनंदाताई आली होती आपल्याकडे."

"कधी?"

"मी माहेरपणाला आले होते तेव्हा. चहा मीच केला होता. स्वयंपाकघरातनं सगळं ऐकू येतं आपल्या घरात."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

चार दिवसांनी मी सुनंदाला फोन लावला. सगळं लिहायचं ठरवलंय, तुझं नाव घालत नाही, असं म्हणालो. ती हसली. "घाला की सर. नाव न घेता सगळ्या गावाला कळलंच होतं की! थोरलीचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा पाहुणेही नाव न घेताच बोलले."

मी माफी मागितली. तिनं ती घेतलीही नाही, परतही केली नाही. म्हणाली, "माझं राहू द्या. आमची धाकटी, पूजा, आता एकवीस वर्षांची आहे. भांडण झालं की अजून म्हणते, आई, तुला मीसुद्धा नको होते ना? मी काय सांगू? माझं ती खरं मानत नाही. तुमचं मानेल."

"तिला हा लेख पाठवतो."

"कागद पुष्कळ लिहिलेत तुम्ही, सर. तिच्यासमोर बसून सांगा."

इथले शेजारी लिफ्टमध्ये विचारतात, "अंकल, घरी कधी जाणार?" मी म्हणायचो, हेच घर. इथं राहणं सोपं आहे, कारण इथं माझ्या शब्दानं कुणाचं काही बिघडलेलं नाही. पण माझा खोटा शब्द जिथं अजून खरा मानतात, ते गाव माझ्यापासून सुटणार नाही. घर म्हणावं तर तेच. देसाई वकिलांना आणि समितीतल्या सगळ्यांना हे वाचून राग येईल. चळवळीला बट्टा लागला म्हणतील. त्यांनी तो माझ्या नावावर टाकावा.

पुढच्या महिन्यात जातो आहे. भाषण तयार केलेलं नाही. पूजाला एवढंच सांगायचं आहे : तुझ्या आईनं कसलीही तपासणी केली नव्हती. ती मदत मागायला माझ्याकडे आली होती. खोटं मी बोललो.