साबणमामांचा डावा हात

शिंप्याच्या त्या दुकानात हाताने काज करणारा माणूस एकच होता. काज म्हणजे बटणाचं घर. "बटण काय, कुणीही टाचेल. घर बांधायला गवंडी लागतो," असं तो म्हणायचा. त्याचं पाळण्यातलं नाव काय होतं कोण जाणे, दुकानात सगळे त्याला साबणमामा म्हणत.

नाव पडलं त्याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मामांच्या तेलकट अंगठ्याचा ठसा एका पांढऱ्या कोटाच्या कॉलरवर उमटला होता. थोरल्या मास्तरांनी तो कोट भर दुकानात उंच धरला आणि म्हणाले, "सही छान आहे. पण गिऱ्हाइकानं मागितली नव्हती." बस्स. त्या दिवसापासून मामा हात धुवायला लागले. काज सुरू करताना धुवायचे, काज झालं की धुवायचे, मधे दोरा बदलला तरी धुवायचे. कपडे धुण्याचा पिवळा, कडक साबण आणि पाठोपाठ सोड्याचं पाणी. बत्तीस वर्षांत पुन्हा एकही डाग पडला नाही. डाग पडला नाही, पण हातांची मात्र दशा झाली. अति तिथे माती म्हणतात ना, तशी. बोटांच्या पेरांवर भेगा, तळव्याला खरखर, आणि डाव्या अंगठ्याची कड तर अशी, की तिच्यावर काडी ओढली असती तर पेटली असती.

जाड कापडावर हे खपून जायचं. पण एक दिवस नाटक कंपनीच्या चाळीस झग्यांचं काम आलं. कापड साटीनचं, पाण्यासारखं पातळ. मामांनी पहिला झगा डाव्या हातात धरला आणि आवाज झाला, कर्र! एक धागा उचलून आला. दुसरीकडे धरला, पुन्हा कर्र. दुकानातल्या मशिनी थांबल्या. सगळ्यांनी वळून पाहिलं.

मास्तर आता धाकटे होते, थोरल्यांचे चिरंजीव. मामांच्या मांडीवर बसून बटणं ओवलेली. त्यामुळे ते ओरडले नाहीत, आणि तेच मामांना जास्त लागलं.

"मामा, झगे पंधरा दिवसांनी हातात घ्यायचेत. तोवर तुमचे हात सुधारले तर काजं तुमची. नाहीतर काजाचं यंत्र आणावं लागेल."

"चाळीस झग्यांपुरतं?"

"यंत्र एकदा आलं की ते माहेरी जातं का, मामा?"

मामा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मलम दिलं आणि बजावलं, "हात कमी धुवा." मामा तणतणत घरी आले. "दाताच्या डॉक्टरानं दात कमी घासा म्हणावं, त्यातली गत!" मलम लावलं, पाच मिनिटं चिकट वाटलं, आणि धुऊन टाकलं. ट्यूब बिचारी निम्म्यावर आली, हात जिथल्या तिथे.

रविवारी मेहुणी आली. मामांच्या बायकोची धाकटी बहीण. लोकरीच्या शेडमध्ये निवडणीवर होती, म्हणजे कातरलेली लोकर हातात घेऊन मऊ वेगळी, भरड वेगळी करायची. पंचवीस वर्षं हेच काम. बशी घेताना तिचा हात मामांच्या हाताला लागला आणि मामा दचकलेच. पन्नाशीच्या बाईचा हात, दिवसभर राबणारा, आणि लोण्यासारखा!

"तू हाताला काय लावतेस गं?"

"आज बरं विचारलंत, भावोजी! लग्नापासून तीस वर्षं तोंडाकडे नाही पाहिलंत, आज एकदम हाताकडे?"

"अहो, तिची थट्टा सोडा, ती सांगते ते ऐका," बायको आतून म्हणाली.

"काही नाही लावत. आमच्या निवडणीवरच्या सगळ्यांचेच हात असे आहेत."

आता मामांचा स्वभाव असा, की एखादी गोष्ट का होते हे कळलं नाही तर त्यांना अन्न गोड लागत नसे. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते शेडवर हजर. दारापासून सुरुवात केली, दिसेल त्याला, "जरा हात बघू." लोकांना वाटलं, भविष्य सांगणारा आला. एकीने तर हात पुढे करून विचारलंसुद्धा, "परदेशी जायचा योग आहे का?" मामांचं लक्ष रेषांकडे नव्हतंच. निवडणीच्या लांब टेबलावर सगळे हात मऊ. पलीकडे हौदांपाशी, जिथे तीच लोकर गरम पाण्यात सोडा घालून धुतात, तिथे सगळे हात मामांसारखे फाटलेले. एका धुणाऱ्याने तर मामांचे तळवे पाहून आपुलकीने विचारलं, "कुठल्या शेडचे तुम्ही?"

लोकर एक, छप्पर एक, आणि हात असे दोन तऱ्हांचे! मामा डोकं खाजवत परतले. निघताना मेहुणीने मूठभर लोकर पिशवीत घालून दिली. "मेंढीच्या खांद्यावरची आहे, सगळ्यात स्वच्छ असते ती. झोपताना हाताला गुंडाळा, वरून मोजे घाला. ओल्या भेगेवर मात्र नको, ती आधी भरू द्या."

ओल्या भेगा नव्हत्या, सगळ्या जुन्या, वाळलेल्या. घरी येऊन मामांनी पिशवी उघडली. पिवळट, चिकट पुंजका, वास मेंढ्यांच्या वाड्याचा, वर दोन काटे आणि वाळक्या गवताची काडी. हे हाताला लावायचं? मामांनी गरम पाणी केलं, साबण घेतला आणि लोकर तीनदा खळाळून धुतली. वाळली तेव्हा अशी शुभ्र झाली, की जणू ढगाचा तुकडा दोरीवर टाकलाय. मग ती गुंडाळून, मोजे चढवून झोपले.

चार दिवस हेच. हातांना खाज तेवढी सुटली. पाचव्या दिवशी मेहुणी पाहायला आली, तिने लोकर हातात घेतली, चुरली, नाकाशी नेली आणि मटकन खाली बसून हसायलाच लागली.

"भावोजी, धुतलीत?"

"मग? काय घाण होती ती!"

"अहो, लिंबू पिळून रस फेकलात आणि साल चोखत बसलात! मेंढीच्या अंगातलं तेल असतं त्यात. पाऊस अंगावर घेऊनही मेंढीची कातडी फाटत नाही ती त्याच्यामुळेच. ते साबणाने घालवलंत, मग उरलं काय? नुसते केस."

एकदम मामांचे डोळे चमकले. हौदावर सोड्यात जायचं ते हेच की! लोकरीचं जायचं आणि धुणाऱ्यांच्या हातांचंही जायचं. म्हणून टेबलावरचे मऊ आणि हौदावरचे फाटके! मग आपण बत्तीस वर्षं हौदावरच उभे होतो म्हणायचं. डॉक्टर बरोबरच बोलत होता तर.

पण मामांनी नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही. उजव्या हाताला धुतलेली लोकर, डाव्याला मेहुणीकडून मागवलेली नवी, न धुतलेली. कडक साबण बंद, दोन्ही हातांना फक्त कोमट पाणी. बायकोने अंथरूण वेगळं केलं. "मी माणसाशी लग्न केलंय, कळपाशी नाही," म्हणाली. रोज सकाळी मामा खिडकीत उभे राहून दोन्ही तळवे समोर धरत, परीक्षकासारखे. चौथ्या दिवशी उजवा जरा बरा, पण डावा? अंगठ्याच्या कडेवरून बोट घसरत होतं! मामांनी बायकोला हाक मारली. तिने नाकाला पदर लावून हात चाचपला आणि पदर काढून पुन्हा चाचपला. "अगंबाई," एवढंच म्हणाली.

मग दोन्ही हातांना न धुतलेली लोकर सुरू झाली. मुदतीला दोन दिवस उरले तेव्हा मामांनी साटीनची एक चिंधी घरी आणून तळव्यावरून ओढली. आवाज नाही. पुन्हा ओढली. नाही! मामा आनंदाने चिंधी उजेडात धरतात तो काय, तिच्यावर पाच बोटांचे पाच तेलकट ठसे.

आगीतून फुफाट्यात. बत्तीस वर्षांपूर्वीची ती सही पुन्हा उमटली होती! हात धुवावेत तर फाटणार, न धुवावेत तर डाग. साबणाची वडी समोरच होती. मामा तिच्याकडे पाहत बराच वेळ बसले. हात दोनदा पुढेही गेला, पण नाही घेतली. नजर बाजूच्या डब्यावर गेली. त्यात कापडावर आखणी करायचे खडू होते. आणि मामांना आठवलं, कापडावर तेलाचा थेंब सांडला की ते स्वतःच त्यावर खडूची पूड टाकायचे, पूड तेल पिऊन टाकायची. कापडाचं पिते, मग हाताचं का नाही पिणार? खडू किसला, तळवे चोळले, जाड फडक्याने पुसले. नवी चिंधी ओढली. आवाज नाही. उजेडात धरली. ठसा नाही.

ठरल्या दिवशी मास्तरांनी झगा मामांपुढे ठेवला. मामांनी डाव्या हातात कापड घेतलं. दुकानातल्या मशिनी पुन्हा थांबल्या, सगळे कान टवकारून. सुई कापडात शिरल्याचासुद्धा आवाज आला नाही. पहिलं काज पुरं झालं तेव्हा मास्तरांनी भिंग लावून पाहिलं, उलटं करून पाहिलं. धागा उचललेला नाही, डाग नाही.

"यंत्रवाल्याला नको म्हणून कळवतो," मास्तर म्हणाले. मग नाक फेंदारून इकडेतिकडे पाहिलं. "पण मामा, दुकानात मेंढरू शिरलंय का हो?"

"दोन शिरलीत," मामा म्हणाले, आणि दोन्ही हात वर केले.

चाळीस झगे मामांनीच पुरे केले. हात धुवायचे ते आता दिवसातून चारदा, कोमट पाण्याने. महिन्याभराने मेहुणी दुकानात डोकावली. मोरीपाशी साबणाची पिवळी वडी वाळून पडली होती, आणि तिला आरपार भेगा गेल्या होत्या.

"भावोजी," ती म्हणाली, "हिला थोडी लोकर गुंडाळू का?"