सोनेरी मारणार नाही

आमच्याकडे लोखंड दिसलं की माणसाचा हात चंदेरी रंगाच्या डब्याकडे जातो. दसरा जवळ आला की फाटक चंदेरी, ट्रंक चंदेरी, ट्रॉलीचे दांडे चंदेरी, देवळाचं रेलिंगसुद्धा चंदेरी. ज्याला आणखी मिरवायचं असतं तो सोनेरी मारतो. गंगाखेडच्या हार्डवेअरच्या दुकानात मी हातानं घासून गुळगुळीत झालेल्या लोखंडाचा रंग मागितला, तेव्हा दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्याकडे उंटाचं दूध मागितलं.

"मॅडम, सोनेरी हाय, चंदेरी हाय, तांब्याचा हाय. घासलेलं लोखंड कोन मागतंय?"

"मी मागतेय," म्हटलं.

मी चित्रकलेची शिक्षिका होते. निवृत्त झाल्यापासून जुन्या यंत्रांच्या लहान प्रतिकृती करते. पुठ्ठा, पीव्हीसी पाइप, सायकलच्या तारा, आणि वरून रंग. शेजारणी विचारतात, या वयात खेळणी? हो, खेळणी. ज्यांना पापड लाटायचेत त्यांनी लाटावेत.

गेल्या वर्षी धाकट्या भावानं पालमजवळच्या आमच्या गावात नवं घर बांधलं. हॉलमध्ये काचेचं कपाट करून घेतलं आणि मला फोन केला.

"ताई, आपलं हिरीवरचं इंजन बनव. वास्तुशांतीला पाव्हन्यायला दाखवायचंय. सगळं सोनेरी मार, लय भारी दिसंल."

शेतात वीज यायच्या आधी आमच्या विहिरीवर एक डिझेल इंजिन होतं. पुढे ते भंगारात गेलं. भाऊ आजही भेटेल त्याला सांगतो की दहा वर्षांचा असताना तो ते एकटा चालू करायचा. साफ खोटं. दसऱ्याला इंजिनाला हळदकुंकू लावायचा मान त्याचा, कारण तो मुलगा. नारळ तो फोडायचा, खोबरं तो वाटायचा. बाकी तीनशे चौसष्ट दिवस हँडल मी मारायचे आणि हा अंथरुणात असायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

ते इंजिन चालू करायची एक रीत होती. डोक्यावरचा छोटा खटका उचलून धरायचा, म्हणजे चाक हलकं फिरतं. हँडल मारून चाकाला वेग आला की खटका सोडायचा, की इंजिन धडधडायला लागतं. मोठा माणूस एका हातानं खटका धरतो, दुसऱ्यानं हँडल मारतो. मी तेरा वर्षांची, काटकुळी. मला हँडललाच दोन्ही हात लागायचे. आबा, म्हणजे आमचे वडील, पिकाला पाणी वळवायला लांब पाटावर दारं धरायला गेलेले, हाकेच्याही पलीकडे. म्हणून मी खटक्याला सुतळी बांधली आणि तिचं टोक दातात धरलं. मान मागे ताणून हँडल मारायचं आणि वेग आला की तोंड उघडायचं. आबांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "जपून गं माय." त्या दिवसापासून ते काम माझंच झालं.

जपूनही एकदा इंजिनानं उलटा झटका दिला. सुतळी हिसकली आणि समोरचा दात अर्धा तुटून गेला. पुढे मला पाहायला पाहुणे आले तेव्हा घरच्यांनी सांगितलं, पोर पायरीवरून पडली. मुलगी विहिरीवर इंजिन चालवायची, हे कसं सांगणार? आईनं मला बजावलं, ओठ मिटून हस. ते मी चाळीस वर्षं पाळलं. माझ्या लग्नापासून शाळेच्या निरोप समारंभापर्यंत एकाही फोटोत माझे दात दिसत नाहीत. याचा मला संताप येतो, आणि सगळ्यात जास्त स्वतःचाच येतो.

तर असं ते इंजिन, आणि त्याला म्हणे सोनेरी मार!

मी दोन महिने रंगांशी भांडले. आधी चाकाला सरळ चंदेरी लावला. पांढऱ्या राखेसारखा दिसला. मग कळलं की धातूच्या रंगाखाली चकचकीत काळं अस्तर द्यावं लागतं, आणि ते पुरतं वाळू द्यावं लागतं, तेव्हा कुठे वरचा रंग लोखंडासारखा दिसतो. धातूच्या रंगातली चमक बाटलीच्या बुडाशी बसते. न ढवळता ब्रश बुडवला की वर नुसतं तेल येतं. तेल घालायच्या पितळी वाटीला तेवढा सोनेरी वापरला, त्यातही तपकिरी कालवून, कारण आमची वाटी कधी कुणी चिंचेनं घासली नव्हती. डिझेलच्या नळीला तांब्याचा. धुराड्याला विटेची पूड.

उरलं हँडल. कुठलीच बाटली पटेना. चंदेरी फार नवा, ऑनलाइन मागवलेला पोलादी फार निळा. शेवटी मी माझ्या हत्याराकडे वळले. सहा-बी पेन्सिलीचं शिसं काचकागदावर घासून त्याची भुकटी केली आणि काळ्या हँडलवर बोटानं चोळली. चोळत गेले तसं तिथं लोखंड उगवलं. माणसाच्या तळव्यानं वर्षानुवर्षं झिजवलेलं, काळपट, मऊ चमकणारं. पण ती चमक मी एका मुठीपुरती ठेवली नाही. दोन मुठींची ठेवली, अगदी हँडल वाकतं तिथपर्यंत. खटक्याचं टोक इंजिनाच्या मूळ रंगाचं, मळकट हिरवंच राहू दिलं, कारण त्याला बोटं लागलीच नव्हती. तिथं फक्त सुतळीची एक बारीक, घासलेली रेघ ओढली. आणि खटक्याला सुतळीचा एक पदर बांधला.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मी खोकं मांडीवर घेऊन एसटीनं गावी गेले. भावानं इंजिन पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"ताई, हे तर जुनंच दिसायलंय. अन् ही सुतळी कामून?"

"तुला ठाऊक नाही?"

त्याला ठाऊक असणारच. लहानपणी शाळेत जाताना विहिरीवरून तोंड फिरवून जायचा.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी हॉल भरला. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर इंजिन काचेच्या कपाटात होतं आणि सुतळी नव्हती. गाठीपाशी कातरीनं कापली होती. भाऊ समोरच्यांना सांगत होता, "दहा वर्षांचा व्हतो मी. एका हातानं मारायचो हँडल." लोक माना डोलवत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दारातच मी जाहीर बोलणार होते, मग कुणाला काहीही वाटो.

पण तेवढ्यात आबांनी इंजिन मागितलं. आबा आता नव्वदीला टेकलेत, डोळ्यांना अंधुक दिसतं. भावानं नाइलाजानं कपाट उघडून इंजिन त्यांच्या मांडीवर ठेवलं. आबांनी चाकावरून हात फिरवला. हँडल चाचपलं. मग अंगठा वर खटक्यावर नेला, आणि तो तिथंच थांबला.

"दोरी कुठाय?"

"कसली दोरी आबा?" भाऊ म्हणाला. "तिची काय गरज?"

"तिच्याबिगर चालू व्हत न्हवतं," आबा मोठ्यांदा म्हणाले. कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमीच मोठ्यांदा बोलतात. "दोरी हिच्या दातात असायची. दात गेला पोरीचा त्याच्यात. आमी मातर पायरीचं नाव सांगितलं."

भाऊ कपाटाची काच पुसायला लागला, ती स्वच्छ होती तरी.

मी पेढ्यांच्या खोक्याचा दोरा सोडला आणि आबांच्या मांडीवरच खटक्याला बांधला. दुसरं टोक आबांनी बोटांनी शोधून माझ्या हातात दिलं.

मग फोटो. इंजिन मधे, आबा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. भावजय सवयीनं माझ्या कानाशी लागली, "ताई, ओठ मिटा, काढायलेत."

मी मिटले नाहीत.