मार्थाचे हात

मार्था गेल्याचा फोन अमरावतीहून आला, तेव्हा मी अकोल्याच्या घरी तुरीची डाळ निवडत बसले होते. तिची भाची प्रिया बोलत होती. "मावशी, आत्या गेली. झोपेतच..." त्याला आता काही आठवडे झाले. रडू ओसरलं आहे, पण तिच्याबद्दलचं माझं कुतूहल काही ओसरत नाही.

नर्सिंगच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहत होतो. ती ख्रिस्ती, मी बौद्ध. सकाळी उठली की ती पलंगावरच डोळे मिटून बसे. "कोणाशी बोलून राहिली वं?" मी मुद्दाम विचारायची. "तो ऐकते," ती म्हणे आणि वेणी घालायला लागे. देव न मानणाऱ्या मला तिचं हे ऐकून घेणारं कोणीतरी असणं फार नवलाचं वाटायचं. पुढे तिची बदली मेळघाटात, धारणीच्याही पलीकडे, एका कोरकू गावातल्या आरोग्य उपकेंद्रात झाली. गावात ख्रिस्ती म्हणून ती एकटीच. पावसाळ्यात रस्ता तुटे, रविवारची उपासना राहून जाई. तिथे तिच्यावर काय गुजरलं, हे तिने मला फार वर्षांनी सांगितलं, तेही मी एकदा सरळच विचारलं म्हणून. "मार्था, तुमचा सैतान दिसते तरी कसा?"

ती हसली नाही. म्हणाली, "माह्याकडे तर नमस्कार करतच आला."

झालं होतं असं. एका छोट्या मुलीला न्यूमोनिया झाला होता. मार्थाने इंजेक्शनं दिली, उशाशी बसून राहिली, सवयीने तिच्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटली. मुलगी वाचली आणि बाईच्या हातात देव आहे, असं गावात झालं. उपकेंद्राच्या ओसरीवर लोक औषधाला नाही, हात ठेवून घ्यायला येऊ लागले. नेमकी तेव्हाच तिची स्वतःची प्रार्थना आटली होती. "डोळे मिटले का नुसता अंधार. पलीकडे कोणीच नाही. अन् बाहेर हे लोकं माह्या पाया पडून राहिले... मले ते गोड लागे. वाटे, देव नाही बोलत तर नाही, हे तर बोलतात. मी हात ठेवत गेली."

मग एकदा दिवस भरलेली एक सून सासू आणि नवऱ्याबरोबर आली. पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे अंधारी. मार्था म्हणाली, ताबडतोब धारणीला न्या. सासू हलेना. "जीप कायले? तू हात ठेव, बाई. बस झालं."

भरल्या ओसरीत मार्थाने हात मागे घेतला. "माह्या हातात काही नाही, माय. ती पोरगी औषधानं वाचली. माही तर प्रार्थनाच बंद पडली आहे."

सासू तिच्या पुढ्यात थुंकली. नवरा मात्र घाबरला आणि जीप आणायला धावला. धारणीच्या दवाखान्यात बाळ-बाळंतीण दोघं वाचली.

"मग बोलला तुझा देव?" मी अधीर झाले होते.

"कायचा बोलते! ओसरी रिकामी झाली, तोही गप्पच. आधीपेक्षा जास्त एकटी पडली मी. पण आता सोंग नव्हतं."

कित्येक महिन्यांनी तीच सासू नातवाला लस टोचायला घेऊन आली. म्हणाली, "पाया नाही पडणार तुझ्या. सुई दे." मार्था खूप हसली. त्या संध्याकाळी भाकर थापताना तिच्या लक्षात आलं, आपण कोणाचे तरी आभार मानतोय... आणि पलीकडे कोणीतरी आहे. मधल्या महिन्यांत कशाने टिकलीस, हे मी किती वेळा विचारलं. "मले बी नाही मालूम," एवढंच म्हणे.

परवा अमरावतीला तिच्या खोलीवर गेले. शेवटपर्यंत तिच्या पाया पडायला कोणी वाकलं, की ती दोन्ही हात पाठीमागे नेई आणि विचारी, "ते राहू दे. काय दुखते, ते सांग." दार उघडून प्रिया माझ्या पायाशी वाकली. आशीर्वादासाठी उचललेला माझा हात आपोआप मागे गेला.

"ते राहू दे, बाई," मी म्हणाले. "काय दुखते, ते सांग."

आणि इतके दिवस सगळ्यांना धीर देत फिरणारी ती पोर माझ्या गळ्यात पडून रडू लागली.