जखम बघणारी मावशी

ज्या जखमेपासून डॉक्टरसुद्धा अर्धं पाऊल मागे सरत, तिच्यावर मावशी पुढे वाकायची. नाकाला पदर नाही, कपाळाला आठी नाही. ऐंशीच्या दशकात नौपाड्यातल्या एका सर्जनच्या दवाखान्यात मी केसपेपर लिहायला होते आणि बाळकुमच्या कोळीवाड्यातली मावशी ड्रेसिंगला. नर्सचं शिक्षण नव्हतं. डॉक्टरांच्या हाताखाली बघून बघून शिकलेली.

उघड्या जखमेवर माशी अंडी घालते आणि एक-दोन दिवसांत आत अळ्या वळवळू लागतात. असे रोगी अधूनमधून यायचे. मावशी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला गॉज जखमेवर ठेवायची, अळ्या गुदमरून वर आल्या की चिमट्याने एकेक ओढून काढायची. घाई अजिबात नाही. "एक रायली त परत सगला धंदा," म्हणायची.

एकदा पावसाळ्यात दिवा गावची एक बाई आठेक वर्षांच्या मुलीला घेऊन आली. उवांमुळे खाजवून खाजवून डोक्यात खांडकं झालेली, त्यांत अळ्या. आई सारखी बजावत होती, "शाळेत कुणाला सांगायचं नाही हं." मावशी म्हणाली, "सांगू दे. म्हंजे दुसरीची आय पन पोरीचं डोकं बगल." मग चिमटा चालवता चालवता तिने पोरीला खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या माशाची गंमत सांगितली. पोर हसली तेव्हा बाहेर बाकावर आई रडत होती.

त्याच पावसाळ्यात ते माझ्या घरात आलं.

डोंबिवलीला आम्ही दोघीच, आई आणि मी. अर्धांगाने आई वर्षभर अंथरुणावर. शेजारच्या काकू दुपारी भरवून जात, बाकी सगळं माझ्याकडे. एका संध्याकाळी चादर बदलताना पडून पडून तिच्या कमरेवर झालेली जखम हलताना दिसली. मी रोज दवाखान्यात बसणारी, मला काय दिसतंय ते लगेच कळलं. कुणाला सांगायची मात्र हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली टर्पेंटाइनची बाटली पर्समध्ये घालून आणली. चिमटा उचलला आणि जखमेला न लावताच खाली ठेवला.

सकाळी मावशीने कपाट उघडलं. "बाटली कुठं गेली गं?"

"मी नेली."

तिने कपाट लावून घेतलं. "घरी कोनाला?"

"आईला."

तिने डॉक्टरांची परवानगी घेतली आणि मला घेऊन निघाली.

आईने आम्हाला बघताच तोंड भिंतीकडे फिरवलं. जड जिभेने म्हणाली, "जावेला शाप दिलेला मी. किडे पडतील म्हणून. माझ्यावरच उलटला."

"शापानं किरं परलं असतं, त आमच्या आलीत एक बाय बरी रायली नसती," मावशी म्हणाली. "जरा कूस वलवा आता." आईच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ती वळली.

मावशी रोज संध्याकाळी माझ्याबरोबर डोंबिवलीला यायची. चौथ्या दिवशी जखम लाल, स्वच्छ दिसली. त्यानंतरही महिनाभर ती येत राहिली. गॉज कसा भरायचा, किती वेळाने कूस बदलायची, उशी कुठे द्यायची, सगळं तिने मला शिकवलं. जखम भरली. आई मात्र थंडीत गेली, झोपेतच.

दिवसकार्य उरकून मी कामावर रुजू झाले तेव्हा मावशी गॉजच्या घड्या घालत होती. मी शेजारी बसले. एक गॉज उचलून घडी घालत म्हणाले, "मावशी, त्या आठवड्यात मी तीन दिवस आईची कूस बदलली नव्हती. अंगात ताकद नव्हती असं नाही. रागावले होते तिच्यावर. माझं ठरत आलेलं लग्न तिच्या आजारपणामुळे मोडलं म्हणून."

मावशीचे हात थांबले नाहीत. "जखम बगितली तवाच कललं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते, त दुसऱ्या दिवशी तू मला घरी नेलं नसतंस," ती म्हणाली. "आन् तुझ्या आयशीची जखम तशीच रायली असती."