उताणे मासे

मालगुजाराच्या ओसरीसमोर माझ्या गळ्यात दोन मेलेले करकोचे बांधले. पाय सुतळीनं जखडलेले, माना खाली लोंबणाऱ्या. तलावाचा चौकीदार म्हणाला, "चाल. बाजारातून चाल. पाहू दे लोकाईले."

मी चालले. चोची मांड्यांना घासत होत्या.

उमरेडच्या अलीकडे आमचं गाव. मी ढिवराची विधवा. तलावात मासे धरायचे, बाजारात विकायचे, एवढंच माझं जगणं. स्वराज्य आलं. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, गेली, तलाव सरकारचा झाला. काठच्या झाडांवर करकोचे घरटी करायचे. सरकारनं पाटी लावली, पाखरं मारू नका. आम्ही कधी मारलीच नव्हती.

मालगुजार मात्र मालगुजारच राहिला. तलावाच्या वरच्या अंगाला त्याची संत्र्याची बाग. त्या वर्षी किडीवर नवं औषध आलं. गडी फवारायचे आणि पिंपं तलावात धुवायचे. पाण्यावर पांढरा तवंग. वासानं डोकं दुखायचं.

एका सकाळी मासे उताणे तरंगले. मरळीसारखा चिवट मासा, तोसुद्धा. करकोच्यांनी ते खाल्ले. दुपारपासून पाखरं फांद्यांवरून पडू लागली. पिल्लं घरट्यात ओरडत राहिली.

सरकारी साहेब तलावाच्या पाहणीला येणार होता. मालगुजारानं मला बोलावलं.

"सारे मासे उचल अन् नागपूरले विकून ये. तलाव साफ पायजे मले."

"मालक, हे खाऊन माणसं मरतीन."

"तुले काय करायचं वं? तुह्या नात्यातले हायेत काय ते?"

"मी नाही विकत."

दुसऱ्याच दिवशी त्यानं गावभर उठवलं, ढिवरणीनं मासे धरायले पाण्यात विष कालवलं, त्यानंच पाखरं मेली. म्हणून ही धिंड.

बाजारात कोणी थुंकलं. आमच्याच मोहल्ल्याच्या बाया खाली पाहत होत्या. त्यांच्या घरचे बागेत कामाला. माझा दीर जवळ आला. वाटलं, सुतळी सोडेल. तो कानाशी म्हणाला, "वहिनी, पाया पड अन् मोकळी हो. आमाले इथंच राहायचं हाये."

या गावात माझं कोणी नाही, हे तेव्हा कळलं. मग भ्यायचं तरी कोणासाठी?

परत ओसरीपुढं आणलं. साहेब खुर्चीत चहा पीत होता. मालगुजार म्हणाला, "चूक झाली म्हण."

मी सुतळी तोडली. पाखरं साहेबाच्या पायाशी ठेवली. म्हटलं, "हे मी नाही मारले. बागेतल्या औषधानं मेले. पिंपं तिथंच हायेत, जाऊन पाहा."

साहेब मालगुजाराकडे पाहून हसला. चहा संपवला. बागेकडे गेलाच नाही.

माझं जाळं जाळलं. मोहल्ल्यानं बोलणं तोडलं.

आता मी नागपुरात बांधकामावर विटा वाहते. एकटी राहते. गावचं कोणी भेटलं तर तोंड फिरवतं. एखादी म्हणते, झालं ते विसर. काय म्हणून विसरू? अजूनही बाग फवारून राहिलेत. लोक तेच पाणी पितात. कचेरीत नवा साहेब आला की मी दारात उभी राहते. शिपाई हाकलतो. मी पुन्हा जाते. मालगुजाराचं नाव घेऊन सांगते, आणि तो समोर असला तरी सांगेन. माफी त्यानं मागायची आहे. मी मागणार नाही.