गिधाडांची जागा

संगमनेरहून अकोले गाव ओलांडून पुढे, डोंगरपायथ्याच्या एका गावात मी पशुधन पर्यवेक्षक आहे. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर एक आणि त्यांच्या हाताखाली मी. आसपासच्या सगळ्या वाड्यांची गुरं आम्हा दोघांच्या अंगावर. सुरुवातीला काही जण म्हणायचे, गायीला हात लावायला बाई कशाला पाठवली. मग एकदा भर पावसात अडलेली म्हैस मी सोडवली, रेडकू जिवंत निघालं, आणि ती कुरकुर आपोआप थांबली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ओढ्याकाठच्या वस्तीवर एक शेतकरी राहतो. थोडे टोमॅटो, गुरांसाठी थोडा घास आणि पाच संकरित गायी असा त्याचा संसार. त्यातली एक गाय त्यानं घोडेगावच्या बाजारातून आणली होती, तिच्यावर त्याचा फार जीव. ती व्याली आणि चौथ्या दिवशी तिची कास दगडासारखी झाली. अंगात ताप, उठता येईना, बसता येईना. डॉक्टर त्या आठवड्यात प्रशिक्षणासाठी नगरला गेले होते. दवाखान्यातलं दुखण्यावरचं औषध संपलेलं, नवीन यायला अजून दोन दिवस होते. शेतकऱ्यानं तोवर माणसांच्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची बाटली आणून ठेवली होती.

"माणसाला चालतं ते जनावराला का न्हाई चालनार, म्याडम?" तो म्हणाला.

त्या औषधावर जनावरांसाठी बंदी आहे हे मला ठाऊक होतं. का आहे, तेही प्रशिक्षणात शिकवलेलं: ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की गिधाडं मरतात. पण गाय कण्हत होती, त्याची बायको तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती, आणि गिधाडं तर मी नोकरीला लागल्यापासून त्या आभाळात एकदाही पाहिली नव्हती. मी इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिलं. तिसऱ्या दिवशी गाय गेली. भावाच्या मदतीनं त्यानं ती ट्रॅक्टरनं ओढ्यापलीकडच्या माळावर नेऊन टाकली.

दोन-तीन दिवसांनी सकाळी त्याचा फोन आला. माळावर एक भलं मोठं पाखरू बसलंय, उडत नाही, मान टाकून बसलंय, असं तो सांगत होता. मी स्कूटी काढली आणि गेले.

बाभळीच्या बुंध्याशी ते बसलं होतं. एवढं मोठं गिधाड मी जवळून प्रथमच पाहत होते. उघडी काळपट मान पार छातीपर्यंत लोंबलेली. मी चार हातांवर गेले तेव्हा त्यानं मान उचलली, माझ्याकडे पाहिलं, आणि ती पुन्हा हळूहळू खाली गेली. पाणी ठेवलं, पण त्यानं चोच लावली नाही. वनरक्षकाला कळवून मी तिथंच उन्हात बसून राहिले. दुपार व्हायच्या आत ते एका कुशीवर कलंडलं.

डॉक्टर त्याच दिवशी परतले. वनखात्याच्या माणसांसमोर पंचनामा झाला आणि त्यांनी शवविच्छेदन केलं. आत हृदयावर, यकृतावर, मूत्रपिंडांवर खडूची भुकटी पसरावी तसा पांढरा थर होता. मूत्रपिंडं निकामी झाली की गिधाडाच्या अंगात असंच होतं. डॉक्टर काही विचारणार त्याआधी मीच सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे विचारलं, किती मिली दिलं, शेवटचं कधी दिलं. सगळं कागदावर लिहिलं. हात धुताना ते म्हणाले की पश्चिमेच्या कड्यावर एक जोडी असल्याचं गुराखी सांगायचे. वर्षातून एकच अंडं. दोघं पाळीपाळीनं ते उबवतात, दोघं मिळून पिल्लाला भरवतात. त्यातलं एक गेलं की त्या वर्षीचं पिल्लूही गेलं. देशभरात इतकी थोडी उरली आहेत की एक पिल्लू जाणंही परवडत नाही.

त्या रविवारी मी संगमनेरला घरी गेले. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत. मी त्यांना आबा म्हणते. जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, ते म्हणतील की होतं असं, मनावर घेऊ नको. त्यांनी ताट बाजूला सारलं.

मग त्यांनी मला कधी न सांगितलेलं सांगितलं. आजोबांच्या वाट्याला गावची मेलेली जनावरं ओढायचं काम होतं. आबा तेव्हा सात-आठ वर्षांचे. आजोबा कातडं सोडवेपर्यंत पलीकडे तीस-चाळीस गिधाडं ओळीनं बसून वाट बघायची. काम उरकून माणसं दूर झाली की उतरायची, आणि संध्याकाळपर्यंत माळावर नुसती हाडं राहायची. वास नाही, माशा नाहीत. छप्पनच्या धर्मांतरानंतर आमच्या वस्तीनं ठरवलं की मेलेल्या जनावराला पुन्हा हात लावायचा नाही. गावानं मजुरी बंद केली, वाट अडवली. वस्तीनं उपास काढले, पण शब्द मोडला नाही.

"गिधाडं दिसेनाशी झाली तेव्हा मला बरंच वाटलं होतं," आबा म्हणाले. "ती दिसली की ते दिवस आठवायचे. पण त्यांचा काय दोष होता? ती आपलं काम करत होती. आमच्यावर ते काम लादणारी माणसं होती."

पुढं त्यांनी एवढंच विचारलं की आता काय करणार आहेस.

मी आणि डॉक्टर वाडीवाडीत फिरलो. गिधाडं गेल्यावर काय झालं हे वेगळं समजवावं लागलं नाही, ते लोकांच्या अंगणात आलं होतं. मेलेलं ढोर आठवडा-आठवडा कुजायचं आणि त्यावर पोसलेली कुत्री टोळीनं फिरायची. आदल्याच पावसाळ्यात पिसाळलेल्या कुत्र्यानं एक कालवड फोडली होती, आणि तिच्या तोंडात हात घालून तपासल्यामुळं मला स्वतःला दंडात सुया घ्याव्या लागल्या होत्या. आम्ही सांगायचो की दुखण्यावर दुसरं औषध आहे, त्यानं गायही बरी होते आणि गिधाडालाही काही होत नाही. ते संपू नये म्हणून डॉक्टरांनी मागणी आधीच पाठवायला सुरुवात केली. मेडिकलवाल्याला भेटलो. गायीसाठी कुणी ती बाटली मागितली तर देणार नाही, आधी तुम्हाला फोन करीन, असं तो स्वतःहून म्हणाला.

मग विषय ग्रामसभेत गेला. डोंगराच्या अंगाचा उघडा माळ गिधाडांसाठी राखायचा, कुत्री शिरू नयेत म्हणून भोवती जाळी मारायची, आणि कोणतं औषध दिलंय याची आमची चिठ्ठी असेल तेच जनावर तिथं न्यायचं, असं ठरत आलं. माना डोलत होत्या. तेवढ्यात प्रश्न निघाला, की न्यायचं कुणी?

पुढं बसलेले एक म्हातारे शेतकरी म्हणाले की त्यात काय एवढं, खालच्या वस्तीतली माणसं पूर्वीपासून हे करतच होती, त्यांना पंचायतीतून काही तरी देऊ. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता की कुचेष्टा नव्हती. आज पाऊस येईलसं वाटतंय, इतक्या सहज ते बोलले. खालच्या वस्तीतली चार माणसं मागं भिंतीशी उभी होती. त्यांनी जमिनीकडे पाहिलं.

मी उठले.

"ज्याचं जनावर, त्यानं न्यायचं," मी म्हणाले. "दूध ज्यानं काढलं त्यानंच. माझ्या आजोबांनी हे काम सोडलं, म्हणून मी आज तुमच्या गायीला औषध देतेय. ते काम पुन्हा कुणाच्या गळ्यात पडणार असेल, तर ही गिधाडांची जागा मला नको."

सरपंचबाई कागद चाळायला लागल्या. मला वाटलं, सगळं इथंच बुडालं. तेव्हा ओढ्याकाठचा तो शेतकरी उभा राहिला.

"माज्या गायीपायी ते पाखरू मेलं," तो म्हणाला. "म्याडम बराबर बोलत्यात. माजं ढोर मीच नेनार. ट्रॅक्टर कुनाला लागला तर घिऊन जावा, पन हात आपलाच लावायचा."

मागून एक जण म्हणाला, बराबर हाय. मग आणखी दोघं-तिघं. ठराव तसाच लिहिला गेला.

ते म्हातारे त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढं त्यांचा बैल वय होऊन मेला, तेव्हा मुलाला घेऊन ते स्वतः ट्रॉलीबरोबर माळावर आले. चिठ्ठी त्यांनी वरच्या खिशात नीट घडी करून ठेवली होती. ती माझ्या हातात देत म्हणाले की बघून घ्या, बरोबर आहे ना. मी म्हटलं, बरोबर आहे.

पहिलं वर्षभर तिथं कावळे आणि घारीच उतरल्या. लोक हसून विचारायचे, म्याडम, पाव्हणे कवा येनार? मलाही सांगता येत नव्हतं. दुसऱ्या वर्षी होळीच्या सुमाराला ओढ्याकाठच्या शेतकऱ्याचा फोन आला. आवाज दबका, जणू माळावरच्या पाखरांना ऐकू जाईल. "तीन हायेत," एवढंच तो म्हणाला. मी आणि डॉक्टर धावत गेलो आणि बांधाआड पालथे पडून बघत राहिलो.

पुढच्या हिवाळ्यात कड्यावर विष्ठेचे पांढरे ओघळ दिसायला लागले, म्हणजे तिथं बसणं-उठणं वाढलं होतं. आणि यंदा डॉक्टरांच्या दुर्बिणीतून कपारीत एक पिल्लू दिसलं. राखाडी, केसाळ, बेढब. आई की बाप कोण ते कळेना, पण कुणी तरी शेजारी पंख पसरून त्याच्यावर सावली धरून बसलं होतं. एका पिल्लानं गिधाडं वाचली असं मी म्हणणार नाही. पलीकडच्या तालुक्यात कुणी ती बाटली वापरली, तरी आमचा कडा ओस पडू शकतो, म्हणून आता आम्ही तिकडेही जाऊन सांगतो.

गेल्या महिन्यात आबांना घेऊन गेले. शहात्तर वर्षांचा माणूस काठी टेकत बांधापर्यंत चढला. माळावर पाच गिधाडं उतरली होती. आबांनी दुर्बीण नको म्हटलं. काठीवर दोन्ही हात टेकून ते बघत राहिले, मग म्हणाले, "तशीच बसलीत. ओळीनं."

उतरताना ओढ्याकाठच्या शेतकऱ्यानं घरी चहाला थांबवलं. मी सवयीनं ओट्यावर टेकले. त्याची बायको म्हणाली, बाहेर का, आत या की, आणि आबांच्या हाताला धरून त्यांना घरात घेऊन गेली. चुलीशेजारी पाट टाकला. चहा पिता पिता बोलणं गायींवरून ट्रॅक्टरवर गेलं. गिअर टाकताना खरखर आवाज येतो, संगमनेरला दोनदा दाखवलं पण कुणाला कळत नाही, असं शेतकरी म्हणाला. आबांनी कपबशी खाली ठेवली आणि विचारलं, पाना आहे का घरात?

आमची शेवटची एसटी चुकली. बाह्या सरसावून आबा क्लचच्या खाली वाकले होते, शेतकरी त्यांना हवा तो पाना देत होता, आणि दोघांपैकी कुणालाच घाई नव्हती.