लवू गावकाराचं पहिलं गाऱ्हाणं

कुणकेश्वरच्या पुढे आमचं गाव. तिथे लवू आंब्याची कलमं बांधतो. हात सफाईचा, पण जीभ लहानपणापासून अडखळते. दुकानात साखर मागायची तरी त्याचा 'सा' दातांत अडकून राहतो.

त्याचे वडील गणपत गावकार होते. सरकारी कागदावर हे पद कुठे नाही. जत्रेच्या दिवशी सगळ्या गावाच्या वतीने देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो, म्हणजे गावाचं मागणं मोठ्याने मांडतो, तो गावकार. घराण्यातल्या थोरल्याकडे हा मान येतो. गेल्या जत्रेनंतर गणपत वारले आणि तो लवूकडे आला.

लवूने धाकटा चुलतभाऊ सुदेश याला सांगितलं, यंदा तूच घाल. सुदेशचा आवाज खणखणीत, तो तयारही झाला. पण लवूची आई काशीबाई आडवी आली. तिने लवूला समोर बसवलं.

"गावकार म्हणजे बरो बोलता तो न्हय रे," ती म्हणाली. "गावाचा म्हणणा देवापर्यंत नेता तो गावकार. तुझो स्वतःचो एक शब्द नाय थंय. मगे भियाचा कित्याक?"

लवू विचारात पडला. गावाचं म्हणणं न्यायचं तर ते आधी ठाऊक हवं. जत्रेला पंधरा दिवस होते. रोज संध्याकाळी तो एकेका वाडीत जाऊन दारात बसू लागला. स्वतः बोलायचा कमी, त्यामुळे लोक भरभरून सांगायचे. कुणाचा मुलगा बोटीवर होता, कुणाच्या विहिरीचं पाणी खारट झालं होतं. टोकाच्या घरातल्या म्हाताऱ्या शेवंतीने "माका इचारतंस?" असं दोनदा विचारून घेतलं. तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

जत्रेला मी देवळात होते. "बा देवा म्हाराजा" यातल्या 'बा'वरच लवू अडला. सभामंडपात चारशे-पाचशे माणसं, पण कुणी खाकरलं नाही, कुणी शब्द पुरवला नाही. तो पुन्हा अडला, थांबला, आणि मग एकेक घर सांगत गेला. प्रत्येक मागणीवर गाव "व्हय म्हाराजा" म्हणत होतं. एरवी दहा मिनिटांत उरकणारं गाऱ्हाणं तासभर चाललं. शेवंतीच्या अधू होत चाललेल्या डोळ्यांचं मागणं आलं, तेव्हा खांबाशी उभ्या असलेल्या तिने हात जोडले. देव ऐकतोय असं मला देवळात पहिल्यांदाच वाटलं.

गाऱ्हाणं संपल्यावर सुदेश पुढे झाला आणि लवूच्या पाया पडला. त्याच आठवड्यात तो शेवंतीला गाडीत घालून कणकवलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.